सायकलला गाड्यांचा त्रास नको? कालव्याची वाट धरा

डोंगरपायथ्याला निवांत सायकल मारायची तर डांबरी सोडा आणि कालव्याकडेचा मुरमाड रस्ता धरा. वीर धरणातून फलटणकडे जाणारा नीरा उजवा कालवा घ्या. कालवा समपातळीच्या रेषेने वळत जातो, म्हणून डोंगर शेजारी असूनही चढ जवळजवळ नाहीच. गाड्या तुरळक. ऊसतोड सुरू झाली की मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भेटणार, तेव्हा मुकाट बाजूला व्हायचं.

टायर 40 मिमीचे बरे. हवा जरा कमीच ठेवा. खरा वैरी बाभळीचा काटा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट जपून फिरवा, नाहीतर राहिलेलं टोक नवी ट्यूबही फोडतं. पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबा, काळी माती चाकच फिरू देत नाही.