ऑप्टिमायझर अडकलाय? अल्गोरिदम बदलण्याआधी या चुका तपासा

कोड चालतो, पण काही फेऱ्यांनंतर ऑप्टिमायझर (सर्वोत्तम डिझाइन शोधणारा प्रोग्राम) जागचा हलत नाही. मग डिझाइन ऑप्टिमायझेशनवर प्रबंध करणारा विद्यार्थी एसक्यूपी ही ग्रेडियंटवर चालणारी पद्धत सोडून जेनेटिक अल्गोरिदमकडे जातो, तिथून पार्टिकल स्वॉर्मकडे (या दोन्ही ग्रेडियंटशिवाय शोधतात). चूक बहुतेकदा अल्गोरिदमची नसते. आपण त्याला जे खायला घालतो त्याची असते.

पहिला संशय ग्रेडियंटवर घ्या, म्हणजे प्रत्येक चल थोडं बदललं की उत्तर किती बदलतं त्या आकड्यांवर. फाइनाइट डिफरन्समध्ये चल एका छोट्या स्टेपने हलवून दोन उत्तरांच्या फरकातून ग्रेडियंट काढतात. त्यात स्टेप जितकी लहान तितकं उत्तर अचूक, हा समज फार चिवट आहे. डबल प्रिसिजनमध्ये जेमतेम 16 अंक हाताशी असतात आणि जवळपास सारख्या दोन संख्यांच्या वजाबाकीत त्यातले बरेचसे उडून जातात. म्हणून फॉरवर्ड डिफरन्सला (स्टेप फक्त पुढे टाकणाऱ्या प्रकाराला) सापेक्ष स्टेप साधारण 10⁻⁸ धरतात. पण खरी गोम पुढेच आहे. तुमचा सॉल्व्हर, म्हणजे मॉडेलची समीकरणं सोडवणारा कोड, 10⁻⁶ इतक्या चुकीलाच थांबत असेल, तर त्या स्टेपने हाती येतो तो निव्वळ सॉल्व्हरचा गोंगाट! टॉलरन्स (ही थांबण्याची मर्यादा) घट्ट करा, नाहीतर स्टेप वाढवा. सोर्स कोड हाती असेल तर कॉम्प्लेक्स स्टेप (काल्पनिक संख्येच्या दिशेने टाकलेली स्टेप) उत्तम: त्यात वजाबाकीच नाही, त्यामुळे 10⁻³⁰ सुद्धा चालतं. मात्र कोडमध्ये कुठे निरपेक्ष मूल्य घेतलं असेल तर तो भाग आधी बदलावा लागतो. चलं शेकड्यांनी असतील तर अ‍ॅडजॉइंट पद्धतीला (एका जादा समीकरणसंचातून सगळा ग्रेडियंट एकदम काढणारी पद्धत) पर्याय नाही. लिहायला किचकट, पण ग्रेडियंटचा खर्च चलांच्या संख्येबरोबर फारसा वाढत नाही.

स्केलिंग तर सर्रास विसरलं जातं. जाडी 0.002 मीटर आणि ताण 2×10⁸ पास्कल एकाच प्रश्नात तसेच सोडू नका. दोन्ही 1 च्या आसपास आणा.

उत्तर संशयास्पद इतकं छान आलं, तरी सावध व्हा. ऑप्टिमायझर मॉडेलमधली पळवाट हमखास शोधतो. टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनमध्ये (साहित्य कुठे ठेवायचं, कुठे काढायचं हे ठरवताना) बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी दिसली तर तो नवा शोध नव्हे: चार नोडच्या एलिमेंटना (मॉडेल ज्या चौकोनी तुकड्यांत विभागतात त्यांना) ती रचना खोटीच ताठ वाटते. शेजारच्या एलिमेंटची सरासरी घेणारा फिल्टर लावा. आतल्या धारदार कोपऱ्यावरचा ताण मेश (एलिमेंटची जाळी) बारीक करावी तसा वाढतच जातो, तिथे ताणाची मर्यादा घालण्यात अर्थ नाही. कोपऱ्याला गोलाई द्या.

एवढं करूनही अडलं, तर दोन-चार वेगळ्या सुरुवातीच्या बिंदूंपासून चालवून पाहा. उत्तरं वेगळी आली तर स्थानिक किमान बिंदू (फक्त आसपासच्यांपेक्षा चांगली उत्तरं) अनेक आहेत असं समजा. जेनेटिक अल्गोरिदमचा विचार तेव्हा करा, तोही चलं मोजकी असतील तरच.