जुन्या घराच्या मोरीत वॉशिंग मशीनचे पाणी सोडताना

गिरगाव, लालबागकडच्या जुन्या इमारतींत वॉशिंग मशीनसाठी वेगळा निचरा नसतो. नळी थेट मोरीत सोडली जाते, आणि मशीनने जोरात पाणी फेकले की ती उसळून बाहेर येते व पाणी स्वयंपाकघरात पसरते.

१. मोरीच्या भिंतीलगत दीड इंची पीव्हीसी पाइप उभा बसवून क्लॅम्पने पक्का करावा. त्याचे वरचे तोंड जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर ठेवावे. नेमकी उंची मशीनच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते, ती प्रमाण मानावी.

२. खालच्या टोकाला एल्बो (वळणाचा जोड) लावून ते नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीतले पाणी जिथून सांडपाण्याच्या वाहिनीत जाते त्या तोंडाच्या, जाळीकडे वळवावे, मात्र जाळीला टेकवू नये.

३. मशीनची नळी वरून चार-पाच इंचच आत घालावी आणि दोरीने किंवा केबल टायने पाइपला बांधावी. नळीभोवतीची फट कापडाने वा एम-सीलने बुजवण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा, कारण हवेला वाट राहिली नाही तर सायफन होऊन, म्हणजे नळी आपोआप पाणी ओढू लागून, मशीनमध्ये भरत असलेले पाणी त्याच वेळी खाली निघून जाते आणि मशीन नुसतेच भरत राहते.

जाळीवर कपड्यांच्या तंतूंचा राखाडी थर लवकर साचतो. तो दर आठवड्याला काढावा.

बाहेरून जाणारा पावसाच्या पाण्याचा पाइप कितीही जवळ असला तरी नळी त्याला जोडू नये, कारण साबणाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीतच गेले पाहिजे.