आफ्रिकेच्या गुलामीचा आणि स्वातंत्र्याचा इतिहास वाचायचाय? असा वाचा

आधी नकाशा उघडा, सनावळ्या पाठ करत बसू नका. सरळ रेषेतल्या सीमा दिसतील, त्यातल्या बऱ्याचशा युरोपवाल्यांनी आपसात ठरवल्यात. मग १८८४-८५ ची बर्लिन परिषद वाचा, खंड वाटून घ्यायचे नियम ठरले आणि टेबलावर एकही आफ्रिकन नाही, कमालच आहे!

आता देश धरून नका जाऊ, मालक धरून जा म्हणजे गोंधळ होत नाही. ब्रिटिश, फ्रेंच, पोर्तुगीज, आणि बेल्जियमचा लिओपोल्ड राजा, ज्याने काँगो १९०८ पर्यंत चक्क खाजगी मालमत्ता म्हणून ठेवला (हे नीट वाचाच, रबरासाठी लोकांचे हात तोडलेत). इथिओपिया वेगळा काढा, त्यांनी १८९६ ला अडवाच्या लढाईत इटलीला हरवलं.

स्वातंत्र्यासाठी १९५७ चं घाना, त्यांचा नेता एनक्रुमा, तिथून सुरू करा. १९६० मध्ये एका वर्षात १७ देश सुटले, ते सगळे पाठ करायची गरज नाही. अल्जेरिया मात्र सावकाश वाचा, १९५४ ते ६२ युद्ध चाललं. पोर्तुगीज सगळ्यात हट्टी, गोवा १९६१ ला गेला तरी अंगोला-मोझांबिक सोडेनात, १९७४ ला लिस्बनमध्येच सत्ता उलटली तेव्हा कुठे १९७५ ला दोन्ही मोकळे झाले. नामिबिया शेवटी घ्या, तो थेट १९९०.