एका सीनवर दोघांचे हात नकोत

गोवा विद्यापीठात एमसीए करणारी चार-पाच मुलं मिळून युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) गेम करायला बसली की घोळ हमखास एकाच ठिकाणी होतो. दोघं तीच सीन फाइल (गेममधल्या एका जागेची मांडणी असलेली फाइल) सेव्ह करतात, गिटला (सगळ्यांचे बदल नोंदवून एकत्र जोडणारं साधन) ती नीट जोडता येत नाही आणि एकाची रात्रभराची मेहनत जाते.

लेव्हलची एकच मोठी सीन ठेवूच नका. समजा मांडवीवरच्या फेरीबोटीची लेव्हल आहे: धक्का आणि पाणी एका सीनमध्ये, बोटीतली माणसं दुसऱ्या, दिवे तिसऱ्या.

१. प्रत्येक सीन एकाच्याच ताब्यात. दुसऱ्याला बदल हवा असेल तर आधी ग्रुपवर विचारायचं.
२. एडिटरमध्ये सगळ्या सीन हायरार्कीत (सीनमधल्या वस्तूंची यादी) ओढून एकत्र बघा. गेममध्ये त्या अ‍ॅडिटिव्ह मोडने, म्हणजे आधीची सीन न काढता तिच्या जोडीला, लोड करा.
३. एका सीनमधली वस्तू दुसऱ्या सीनमधल्या वस्तूला इन्स्पेक्टरमधून (निवडलेल्या वस्तूची माहिती दाखवणारी खिडकी) जोडता येत नाही. ती स्क्रिप्टमधून शोधा. इथेच बहुतेक जण अडतात.
४. उठण्याआधी पुश, म्हणजे केलेलं काम गिटने सर्व्हरवर पाठवायचं. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

मात्र डॉट मेटा फाइल्स (युनिटी प्रत्येक फाइलसोबत बनवते त्या ओळखीच्या फाइल्स) प्रत्येक कमिटमध्ये (गिटमधली बदलांची नोंद) गेल्याच पाहिजेत, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सगळे संदर्भ तुटतात.