अन्यायाने गेलेली नोकरी आणि भरपाई : माझा अनुभव
‘कामगिरी असमाधानकारक’ एवढ्याच कारणावर मला कामावरून काढले, तेव्हा मी राजीनामा लिहून देण्यास ठाम नकार दिला आणि नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या व त्याच वर्षीचा वेतनवाढीचा आदेश वकिलांपुढे ठेवला. त्या आरोपाला तो आदेशच चोख उत्तर होता. भरपाई म्हणजे केवळ बुडालेला पगार नव्हे, तर नोटीस काळाचे वेतन आणि शिल्लक रजेचे पैसेही मागावेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करारही, पुन्हा कामावर घेणे व्यवहार्य नसल्यास पुरेशी भरपाई मिळावी, असेच सांगतो. दरम्यान दुसरीकडे नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती मी जपल्या, कारण नुकसान कमी करण्याचा प्रयत्न केला का, हे अनेकदा विचारले जाते. अखेर तडजोड झाली. ‘पूर्ण व अंतिम’, म्हणजे आता आणखी काही मागणी उरली नाही, असे लिहिलेल्या कागदावर रक्कम जमा झाल्यावरच सही केली.