तीन दिवसांच्या फ्लोटवर विसंबू नका

क्रिटिकल पाथवरच्या (म्हणजे ज्यांचा उशीर थेट शेवटच्या तारखेवर येतो त्या) कामांकडे डोळ्यात तेल घालून बघायचं आणि फ्लोट (उशीर झाला तरी चालेल इतकी मोकळीक) असलेली कामं आपापली होतील म्हणायचं, असं मी कित्येक वर्षं केलं. मग एका प्रोजेक्टमध्ये क्लायंटकडून येणारा डेटा लटकला. शेड्यूलमध्ये त्याला तीन दिवसांचा फ्लोट होता. आला दोन आठवडे उशिरा. तोवर कोड तयार, टेस्टर रिकामे.

आता प्रत्येक कामाला तीन आकडे घेते: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. जास्तीचा आधी विचारते. ‘किती दिवस लागतील?’ ने सुरुवात केली की माणूस त्याच आकड्याला चिकटतो आणि वाईटात वाईट म्हणून वर दोन दिवस चढवतो. ‘मागच्या वेळी कुठे अडलं होतं?’ म्हटलं की खरं बाहेर येतं.

समजा, कोडिंग 18, 20, 22 दिवस आणि डेटा 10, 14, 36. दोन्ही झाल्यावरच टेस्टिंग. पर्ट या नियोजनाच्या पद्धतीचं सूत्र (अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 1958 मध्ये आलेलं) म्हणतं, मधल्या आकड्याची चौपट करा, दोन्ही टोकं मिळवा, 6 ने भागा. कोडिंग 20, डेटा 17. म्हणजे पुन्हा तोच तीन दिवसांचा फ्लोट!

मग माँटे कार्लो करा. स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक कामाच्या तीन आकड्यांवर त्रिकोणी वितरण (मधल्या आकड्याला शक्यता सर्वात जास्त, टोकांकडे उतरत शून्य) बसवा, यादृच्छिक कालावधी काढा, असं हजार वेळा. सुमारे 450 वेळा डेटाच शेवटी येतो. हा 45 टक्के म्हणजे त्याचा क्रिटिकॅलिटी इंडेक्स. दोन्ही कामं विसाव्या दिवसापर्यंत हातात असण्याची शक्यता जेमतेम 28 टक्के.

इंडेक्सवरही थांबू नका. कोडिंगचा 55 टक्के आहे, पण ते बिघडून बिघडणार किती? दोन दिवस. डेटा 22 दिवस खाऊ शकतो. म्हणून कामाचा कालावधी आणि शेवटची तारीख यांचा सहसंबंधही (एक वाढला की दुसरी किती सोबत सरकते) काढते. तिथे डेटा कोडिंगला कुठच्या कुठे मागे टाकतो. (एकच माणूस दोन्ही कामांत असेल तर ती स्वतंत्र धरू नका.)

या उदाहरणात मी टेस्टिंगची सुरुवात 26 व्या दिवसानंतर कबूल करीन, तिथे शक्यता 80 टक्क्यांच्या वर जाते. आणि डेटाची मागणी पहिल्याच दिवशी लेखी पाठवीन.