पहिला नाचाचा क्लास निवडताना या चुका टाळा: कोकणातल्या मोठ्या वयाच्या नवशिक्यांसाठी

मोठेपणी नाच शिकायचं मनात आलं की बायका पहिल्यांदा विचारतात, कथ्थक घेऊ, भरतनाट्यम घेऊ की सरळ झुंबा? मला वाटतं, हे नंतर ठरवावं. तिथे आपल्या वयाच्या नवशिक्या बाईला शिकवतात का, आणि आपण आठवड्यातून दोनदा तिथवर खरोखर पोचू शकतो का, हे दोन प्रश्न आधीचे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा ठिकाणी मुंबई-पुण्याइतके पर्याय नसतात. मग जो क्लास दिसला त्यात नाव घालायची घाई होते, आणि पुढच्या दोन महिन्यांत "मला नाही हो जमत" म्हणून तो सुटतो.

शाळकरी मुलींच्या बॅचमध्ये मागे उभं राहणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. संध्याकाळची पाच-सहाची बॅच मुलींची असते. "काकू, तुम्ही मागच्या रांगेत उभ्या राहा, बघून बघून येईल," असं सांगितलं जातं. पण त्या मुलींना स्नेहसंमेलन आणि परीक्षा गाठायची असते, वेग त्यांच्यासाठी ठरलेला असतो. मोठ्या बाईला पायाची ठेवण समजून घ्यायला वेळ लागतो, आणि एकदा समजली की ती पक्की बसते. हा वेळ मागच्या रांगेत मिळत नाही.

वेगळी बॅच नसेल तर ती मागा. वाडीतल्या किंवा ऑफिसमधल्या चौघीजणी एकत्र गेलात तर शिक्षिका सकाळची किंवा दुपारची वेळ काढण्याची शक्यता खूप वाढते. पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास नुसतं बसून बघायची परवानगी घ्या. बाई शेवटच्या रांगेपर्यंत येतात का, की तुमच्याकडे पाठ फिरवून स्वतःच नाचत राहतात? चुकलेल्या पावलाला "पुन्हा करा" एवढंच म्हणतात, की काय चुकलं ते सांगतात? सुरुवातीला अंग मोकळं करून घेतात का? एका तासात हे सगळं दिसतं.

दर महिन्याला नवं गाणं बसवणारा क्लास भावाच्या हळदीसाठी ठीक आहे. नाच शिकायचा असेल तर पहिले काही आठवडे कंटाळवाणे वाटले पाहिजेत: कथ्थकमध्ये 'ता थेई थेई तत', भरतनाट्यममध्ये तट्टडवू (पाय आपटायचा पहिला धडा), तेच ते, आधी सावकाश आणि मग दुप्पट लयीत.

जमीन न बघणं

याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. आपल्याकडचे बरेच क्लास हॉलमध्ये किंवा घराच्या गच्चीवर चालतात, आणि खाली सिमेंटवर बसवलेली फरशी असते. ती जराही दबत नाही. तत्कारात, म्हणजे कथ्थकच्या पायांच्या बोलांत, पूर्ण तळवा आपटायचा असतो, त्याचा धक्का थेट टाचेला आणि गुडघ्याला बसतो. पावसाळ्यात गुळगुळीत टाइल्सना ओल सुटते, तिथे चक्कर घेणं धोक्याचं. लाकडी जमीन मिळाली तर उत्तमच. नसेल तर जोरात आपटण्याचा सराव थोडा थोडा वाढवत नेणाऱ्या बाईंकडे जा. झुंब्यात उड्या असतात, म्हणून तिथे बूट हवेत. पण खोल खाचांचे, जमीन घट्ट धरणारे पळायचे बूट नकोत. वळताना पाऊल अडकतं आणि गुडघा पिरगळतो.

दुखणं अंगावर काढणं

नवीन हालचालीनंतर मांड्या-पोटऱ्या एक ते तीन दिवस दुखतात, दोन्ही बाजूंनी, आणि मग आपोआप उतरतात. त्याची काळजी नको. एकाच गुडघ्यात कळ येणं, सूज येणं, जिना उतरताना दुखणं हे मात्र वेगळं. भरतनाट्यमच्या अरैमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून केलेल्या अर्ध्या बैठकीत, बहुतेकींचं चुकतं ते इथे: पावलं बाहेर वळवतात, पण गुडघे पुढेच राहतात. मांडी खुब्यातून वळली पाहिजे आणि गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत आला पाहिजे. खुबा जेवढा वळेल तेवढंच वळा आणि कमी खाली बसा. जो शिक्षक "आणखी खाली, आणखी खाली" म्हणत राहतो, त्याला थांबवून सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

एक गोष्ट बायका आपसातसुद्धा बोलत नाहीत. बाळंतपणानंतर, कधी कधी कित्येक वर्षांनीही, उड्या मारताना लघवीचे थेंब सुटतात. लाजून क्लास सोडू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात आणि बऱ्याच जणींना फरक पडतो. तोवर उड्यांच्या जागी नुसतं पाऊल टाका, आणि बाईंना एकदा बाजूला घेऊन सांगून ठेवा.

घुंगरू आणि परीक्षेची घाई

कथ्थकचे घुंगरू एका पायात शंभर-दीडशेपर्यंत जातात. ते वजन पेलायला घोटा तयार व्हावा लागतो, म्हणून पहिल्याच महिन्यात विकत घेऊ नका. मिरजेच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत आहेत. आपलं वय झालं म्हणून त्या सोडून द्यायचं कारण नाही, पण पहिलं वर्ष त्यांच्या तारखांना बांधून घेऊ नका.

पाऊल मागे पडतं तेव्हा

बहुतेकदा कान तयार नसतो, पायांचा दोष नसतो. आधी हातावर ताल धरा. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी न देता नुसता हात बाजूला. बोल तोंडाने म्हणता आले की पाय मागोमाग येतात. गौरीला रात्ररात्र फुगड्या आणि झिम्मा घातलेल्या बाईच्या अंगात लय असतेच, फक्त ती मोजायची सवय नसते. ऑनलाइन क्लासात मात्र आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे तुमचं पाऊल तालात आहे की नाही हे बाईंना कळत नाही. तिथे सरावाचं रेकॉर्डिंग पाठवून दुरुस्ती मागा.

चुकीच्या महिन्यात फी भरणं

जूनमध्ये शाळांबरोबर क्लास सुरू होतात, आणि आपणही तीन महिन्यांची फी भरून टाकतो. मग भाताची लावणी, गणपतीतली पाहुणेमंडळी, वादळात गेलेली वीज. निम्मे दिवस बुडतात. माझं ठाम मत आहे की कोकणात दिवाळीनंतर सुरुवात करावी. भात घरात आलेलं असतं, रस्ते कोरडे असतात आणि शिमग्यापर्यंत सलग तीन-चार महिने मिळतात. त्यानंतर आंब्याची गडबड. फी महिन्याची महिन्याला द्या, पावती घ्या, आणि बुडालेला तास भरून मिळतो का ते आधी विचारा. संध्याकाळची बॅच असेल तर परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते पाहूनच हो म्हणा. रोज शेवटची दहा मिनिटं सोडून धावावं लागत असेल तर ती बॅच तुमची नाही.

नाव घालतानाच आणखी दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या. तुमचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी विचारलं जाईल ना? आणि वार्षिक कार्यक्रमात भाग घेणं, त्याच्या पोशाखाचे पैसे देणं सक्तीचं आहे का? दोन्ही उत्तरं फॉर्मवर लिहून मागितलीत तरी चालेल.